घोरपड खोटी, मग तानाजी?

दिवाळीत पिंपळगाव राजाला घरी होतो. भाचा मोबाईलवर तानाजीचा व्हिडिओ बघत होता. घोरपड दोर घेऊन कड्यावर चढत होती. मी सहज म्हणालो, "घोरपडीचं काही खरं नाही रे." तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मंग तानाजीबी खोटाच काय, मामा?"

मी कोड लिहिणारा माणूस. बग आला की कुठली ओळ कधी घुसली ते आधी बघायचं, ही सवय. इथेही तेच केलं.

कृष्णाजी अनंत सभासद हा महाराजांच्या पदरी असलेला माणूस. त्याने बखर लिहिली 1697 साली, जिंजीला, राजाराम महाराजांसाठी. म्हणजे घटनेनंतर 27 वर्षांनी. तानाजी, त्याच्यासोबतचे 500 मावळे, उदेभान, दोघांचं एकमेकांच्या हातून पडणं, मग सूर्याजीने लोकांना सावरणं, गडावर आग लावून राजगडाला इशारा देणं, हे सगळं तिथे आहे. घोरपड नाही. दोन निवडक मावळे माकडासारखे कडा चढले, एवढंच आहे. रायबाचं लग्न आणि ऐंशी वर्षांचे शेलारमामा येतात ते शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यातून. यशवंती घोरपडही तिथलीच.

गंमत म्हणजे मुधोळच्या घोरपडे घराण्याच्या आडनावामागेही अशीच कथा सांगतात. काळ बहमनी, गड खेळणा, म्हणजे आपला विशाळगड. घोरपड, दोर, कडा, सगळं तेच. चांगली गोष्ट एका गडावर थांबत नाही.

"सिंह गेला म्हणून सिंहगड" हेही असंच. गड घेतला 4 फेब्रुवारी 1670 ला. पण 1663 मधल्या महाराजांच्या पत्रात सिंहगड हे नाव आहे, पुरंदरच्या तहात तो मोगलांना देण्याच्या दोन वर्षं आधी. आणि सभासदाकडे महाराज तानाजीला सिंह म्हणत नाहीत, गड म्हणतात. एक गड मिळाला, एक गेला, असा त्याचा आशय. मला तर हेच जास्त लागतं. सिंहाचं वाक्य घराघरात पोचलं ते हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीमुळे. तिचं नावच ते आहे.

वेब सीरिजमधला रॅग्नार आठवा. सापांच्या खड्ड्यात मरणारा. 845 साली पॅरिसवर चालून गेलेला रेगिनहेरी नावाचा सरदार फ्रँक लोकांच्या नोंदींत सापडतो. रॅग्नारची सागा मात्र तेराव्या शतकातली, आणि हे दोघे एकच का यावर अभ्यासक अजून भांडतात. मधे चारेक शतकं गेलेली. त्या मानाने तानाजीचा पाया किती पक्का! घोरपड काढली तरी माणूस हलत नाही.

भाच्याला हे सांगायला अर्धा तास लागला. लढाईची रात्र माघ वद्य नवमीची, चंद्र मध्यरात्रीनंतर उगवणारा, म्हणजे आधी मिट्ट काळोख, हे सांगितल्यावर त्याने मोबाईल पालथा ठेवला.

"म्हंजे ते दोघं अंधारात, दोराबिगर चढले?"

"हो."

"त्याइचं नाव काय होतं?"

सभासदाने लिहिलेलं नाही. घोरपडीचं नाव मात्र त्याला पाठ होतं.