क्लिफ्टन शेनिए

शेनिए, क्लिफ्टन : (२५ जून १९२५–१२ डिसेंबर १९८७). अमेरिकन ॲकॉर्डियनवादक, गायक व ‘झायडेको’ संगीताचा अग्रणी कलावंत. जन्म दक्षिण लुइझियानातील ऑपेलूससजवळ, फ्रेंच बोलणाऱ्या कृष्णवर्णीय क्रिओल शेतमजुरांच्या कुटुंबात. वडील जोसेफ गावातल्या नाचांना ॲकॉर्डियन वाजवीत. पहिले धडे त्यांचेच. तरुणपणी क्लिफ्टनने न्यू आयबेरियाच्या परिसरात ऊसतोडणी केली. पुढे तो टेक्सासमधील पोर्ट आर्थर येथे तेलशुद्धीकरण कारखान्यात कामाला लागला. पाळी सुटण्याच्या वेळी कारखान्याच्या फाटकापाशी वाजवून तो वरकमाई करीत असे.

क्रिओल घरांतील नाचांत पूर्वी बटणांचे लहान ॲकॉर्डियन असे. त्यावर ठरावीक स्वरपट्ट्यांपलीकडे जाता येत नाही. शेनिएने पियानो ॲकॉर्डियन घेतले. हिंदी चित्रपटगीतांतून आपल्या कानांवर पडलेले वाद्य ते हेच. त्यावर बाराही स्वर मिळतात, म्हणून ब्लूजमधले उतरते, दुखरे स्वर आणि ऱ्हिदम अँड ब्लूजचा जोरकस ठेका त्याला क्रिओल वॉल्ट्झ व टू-स्टेप या नाचांशी जोडता आला; झायडेको ते हेच मिश्रण. त्याच्या कारकिर्दीतला खरा निर्णायक क्षण कोणता, तर वाद्याची ही निवड. पुरस्कार, मुकुट वगैरे त्यानंतरचे.

जोडीला, तालासाठी, थोरला भाऊ क्लीव्हलँड असे. पूर्वी कपडे घासण्याची पन्हळी पाटी दोरीने गळ्यात अडकवून वाजवीत. १९४०च्या दशकात शेनिएच्या कल्पनेनुसार विली लँड्री या कारागिराने खांद्यांवर बसणारी, छातीभर पन्हळी पत्र्याची बंडीच घडवली. तिला ‘फ्रॉत्वार’ म्हणतात. क्लीव्हलँड दोन्ही हातांत बाटल्यांची बुचे उघडण्याच्या चाव्या मुठीने धरून ती खरवडत असे. ढोल नसला तरी नाच थांबू नये, इतका त्या खरखरीचा दाब असतो.

पहिले ध्वनिमुद्रण १९५४ मध्ये झाले. १९५५ मध्ये ‘स्पेशल्टी’ कंपनीने त्याच्या ध्वनिमुद्रिका काढल्या व थोडे नाव झाले. पण रॉक अँड रोलच्या लाटेत ते टिकले नाही. १९६४ मध्ये ह्यूस्टनमधील एका छोट्या बिअरच्या गुत्त्यात, साथीला फक्त ड्रमवादक असताना, ‘आरहूली’ कंपनीच्या क्रिस स्ट्रॅकविट्झने त्याला ऐकले. तिथे त्याला घेऊन गेला होता ब्लूजगायक लाइटनिन हॉपकिन्स, शेनिएचा सासरकडून लागणारा नातलग. स्ट्रॅकविट्झला हवी होती जुनी फ्रेंच गाणी. शेनिएला वाजवायचे होते त्या दिवसांचे ऱ्हिदम अँड ब्लूज. शेवटी अर्धे तुझे, अर्धे माझे असे ठरले. ‘लुइझियाना ब्लूज अँड झायडेको’ (१९६५) हा संग्रह या ओढाताणीतून निघाला. परंपरा जपण्याचा आग्रह येथे शहरी संग्राहकाचा होता, परंपरेतल्या माणसाचा नव्हे. लोकसंगीताच्या इतिहासात असे वरचेवर घडते.

१९७०च्या दशकात ‘रेड हॉट लुइझियाना बँड’सह त्याने युरोपातही दौरे केले. अंध सॅक्सोफोनवादक जॉन हार्ट हा त्या संचाचा मोठा आधार होता. १९७५ मध्ये मुद्रित झालेला ‘बोगालूसा बूगी’ हा त्याचा सर्वोत्तम संग्रह मानावा लागेल. रात्रभर चालणाऱ्या नाचाचा दम त्यात उतरला आहे. लेस ब्लँकने त्याच्यावर ‘हॉट पेपर’ (१९७३) हा माहितीपट केला. मंचावर तो मुकुट घालून बसे, आणि ‘झायडेकोचा राजा’ ही उपाधी त्याने कधीच संकोचाने घेतली नाही. ‘आय’म हिअर!’ या संग्रहासाठी त्याला ग्रॅमी पुरस्कार मिळाला, १९८४ मध्ये राष्ट्रीय वारसा शिष्यवृत्ती.

अखेरच्या वर्षांत मधुमेहाने मूत्रपिंडे निकामी झाली, पायाचा भाग कापावा लागला. डायलिसिसच्या वेळा सांभाळून तो कार्यक्रम करीत राहिला. लाफिएट येथे त्याचे निधन झाले. संच मुलगा सी. जे. शेनिए याने पुढे चालवला. जन्मशताब्दीच्या वर्षी, २०२५ मध्ये, निघालेल्या आदरांजलीपर संग्रहात रोलिंग स्टोन्स संचाने त्याचे गाणे फ्रेंचमध्येच गायले.