रेडियम नसलेलं रेडियम

अमरावती रोडवर वाडीच्या ट्रकांमागे ज्या पट्ट्या चकाकतात त्यांना आपण सगळेच 'रेडियम' म्हणतो. मंडळी, त्यात रेडियम कणभरही नसतं! हेडलाइटचा उजेड आला तसा परत फेकायचा, एवढंच त्या पट्टीचं काम. फ्लुरोसंट रंग वेगळा. तो न दिसणारे अतिनील किरण पिऊन दिसणारा उजेड देतो, आणि दिवा बंद की खेळ खलास. अंधारात चमकणारा रंग मात्र उजेड साठवतो आणि सावकाश सोडत बसतो.

खरं रेडियम होतं ते जुन्या घड्याळात. १८९८ मध्ये क्युरी दांपत्याने ते शोधलं, पुढे झिंक सल्फाइडमध्ये मिसळून त्याने घड्याळाचे आकडे रंगवू लागले. याला उजेड दाखवायचीसुद्धा गरज नाही. अमेरिकेत न्यू जर्सीच्या ऑरेंज गावात हे काम तरुण पोरी करायच्या, ब्रशला टोक आणायला तो ओठांत धरून. कित्येकींचे जबडे सडले, काही जणी गेल्या. पाच जणींनी कंपनीवर खटला भरला, १९२८ मध्ये तडजोड झाली. असो.

आजोबांचं तसलं घड्याळ आता चमकत नसेल, तर थकलंय ते झिंक सल्फाइड. रेडियम निम्मं व्हायलाच १६०० वर्षं लागतात. तेव्हा काच उघडून आकडे खरवडायला जाऊ नका.