जीपच्या मॅनिफोल्डचं पॅकिंग

जुन्या जीपचं इंजिन थंड असताना टिकटिकतं आणि तापलं की गप्प होतं. ड्रायव्हर टॅपेटला दोष देतो. मी आधी मॅनिफोल्डच्या सांध्यावर गळणाऱ्या धुराच्या काजळीचा माग शोधतो.

हा सांधा महायुद्धातला आहे. १९४१ पासून टोलेडोच्या विलीज कारखान्यातून बाहेर पडलेल्या जीपचं २.२ लिटरचं इंजिन बार्नी रूस यांनी घडवलं. त्याचे सगळे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच. त्यामुळे पेट्रोल आत नेणारा आणि धूर बाहेर काढणारा, असे दोन्ही मॅनिफोल्ड एकाच बाजूला, एकमेकांना बोल्टांनी बांधलेले. धुराच्या उष्णतेनं पेट्रोलची वाफ नीट होते, पण मिस्त्रीची कसोटी लागते. जोडी बाहेरच करकचून आवळली, तर तिचं तोंड ब्लॉकवर सपाट टेकत नाही. मग नट पिळला की बिडाचा कान तुटतो. म्हणून जोडीचे बोल्ट सैल ठेवून ती ब्लॉकवर चढवायची, मधल्या नटापासून दोन्ही टोकांकडे आवळत जायचं, आणि जोडीचे बोल्ट सगळ्यांत शेवटी.

स्वातंत्र्यानंतर महिंद्रनं मुंबईत जीपा जोडायला घेतल्या आणि हे ज्ञान आपल्या गॅरेजांत आलं. पुढे उंच बॉनेटची सीजे-३बी आली. तिच्या हरिकेन इंजिनात इनटेकचे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले, इनटेकची वाटही हेडमध्येच ओतली गेली. बॉनेट उंचावलं ते त्यासाठीच. ब्लॉकच्या बाजूला एकटा एक्झॉस्ट उरला. ही सुधारणा मला मनापासून आवडते.

तरी बीड हलणारच. चाळीस सेंटिमीटरचा मॅनिफोल्ड पाचशे अंशांनी तापला की दोनेक मिलिमीटर लांबतो. भोकं स्टडपेक्षा मोठी असतात, वॉशर रुंद असतात, ते त्याला सरकता यावं म्हणून. ट्यूबमधलं साधं सिलिकॉन तिथे जळून जातं.

वस्तादांच्या पिढीनं पॅकिंग अ‍ॅस्बेस्टॉसच्या पत्र्यातून हातानं कापलं. उष्णतेला ते उत्तम होतं, पण त्याच्या धुळीनं कॅन्सर होतो, आणि ती धूळ त्यांनी तोंडाला फडकंही न बांधता छातीत घेतली. आज ग्रॅफाइटचं पॅकिंग मिळतं. जुनं अ‍ॅस्बेस्टॉस काढताना ते ओलं करूनच काढावं. ब्रश किंवा हवेचा पाइप मारू नये. मग तोंडावर सपाट पट्टी धरून बघावं, प्रकाश दिसला तर सरफेस मारून घ्यावा. नट पितळेचे घ्यावेत, ते गंजून जाम होत नाहीत. आणि इंजिन एकदा तापून पूर्ण निवलं की पाना पुन्हा फिरवावा.