फ्रिजवरच्या डब्याचं घराणं

अकोला-अमरावतीच्या मध्यमवर्गीय घरात पंचवीस-तीस वर्षांपूर्वी फ्रिजच्या डोक्यावर किंवा टीव्हीच्या बाजूला एक पत्र्याचा डबा हमखास असायचा. पुढे काट्याचं मीटर, एक लाल दिवा आणि अधूनमधून आतून येणारा ‘टक्’ असा आवाज. आता तो कुठे कुठेच उरलाय. या स्टॅबिलायझरचा माग काढायचा, तर तो ज्याची राखण करायला आला त्या २३० या आकड्यापासून सुरुवात करावी लागते.

एडिसननं १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरून वीज विकायला घेतली ती सुमारे ११० व्होल्टची. त्या वेळच्या कार्बन-तारेच्या दिव्याला तेवढीच मानवत होती. एकोणिसावं शतक सरता सरता बर्लिनच्या वीज कंपनीनं २२० व्होल्ट धरले. हिशोब साधा होता. व्होल्टेज दुप्पट केलं की तेवढ्याच कामाला करंट निम्मा लागतो आणि तारेत तापून वाया जाणारी वीज चौथाईवर येते. युरोप २२० वर स्थिरावला, इंग्लंड २४० वर; पुढे दोघांनी कागदावर २३० ला तडजोड केली. आपण इंग्रजांच्या वाटेनं गेलेलो, म्हणून आपल्या मिक्सर-पंख्यांवर अजून ‘२२०–२४०’ छापलेलं दिसतं. अमेरिकेतल्या लेकानं कौतुकानं आणलेला १२० व्होल्टचा राइस कुकर अमरावतीच्या प्लगला थेट लावला, तर कॉइल साडेतीनपटीहून जास्त उष्णता ओकते. भात होण्याआधीच कुकर संपतो.

वऱ्हाडात आधी वीज होती ती शहरापुरती. अमरावती इलेक्ट्रिक सप्लाय कंपनी, अकोला इलेक्ट्रिक सप्लाय कंपनी अशा खासगी कंपन्या ती पुरवत, खेड्यात कंदील. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ झालं, त्याच दशकात बाळापूर तालुक्यातल्या पारसला औष्णिक केंद्र चालू झालं. तारा गावोगाव पोचल्या. पण केंद्र जिल्ह्यात आहे म्हणून जिल्ह्याचं व्होल्टेज चांगलं, असं काही नसतं. पारसची वीज उच्चदाबाच्या वाहिन्यांतून राज्यभराच्या जाळ्यात जाते. बाळापूरच्या घरातला दिवा किती उजळेल, हे गावातल्या डीपीवर आणि तिथून घरापर्यंतच्या तारेवर ठरतं.

खरी गंमत या डीपीतच आहे. आपल्याकडचा डीपीवरचा ट्रान्सफॉर्मर ११ हजार व्होल्ट घेऊन ४३३ व्होल्ट देतो. तीन फेजमधल्या कोणत्याही एका फेजला न्यूट्रलशी जोडलं, तर त्याचे होतात २५०. म्हणजे सुरुवातच मुद्दाम वरून केलेली. वाटेत गळणार हे धरूनच. १९५६ च्या विद्युत नियमांत घरगुती पुरवठ्याला सहा टक्क्यांची सूट होती, म्हणजे २३० चे साधारण २१६ ते २४४. प्रत्यक्षात डीपीशेजारच्या घरात रात्री अकराला २४५ आणि गल्लीच्या टोकाच्या घरात संध्याकाळी सातला १७०, असं एकाच तारेवर होऊ शकतं.

१७० ला साधा बल्ब पिवळा पडतो, तेवढं चालवून घेता येतं. मोटरचं तसं नाही. तिचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे १७० ला जेमतेम निम्मा उरतो. मे महिन्यात अकोला पंचेचाळिशी गाठतं तेव्हा कूलरचा पंखा नुसता गुरगुरतो, वुडवूलच्या ताट्या ओल्या असून हवा येत नाही, आणि वाइंडिंग तापत राहतं. त्याच महिन्यांत वरूड-मोर्शीकडे संत्र्याच्या बागा जगवायला खोल बोअरमधल्या सबमर्सिबल मोटरी चालतात. बोअरच्या तोंडापर्यंत आलेलं व्होल्टेज खाली जाणारी लांब केबल आणखी खाते. मोटर उचलत नाही, जळते. मग ती बाहेर काढा, वाइंडिंगवाल्याकडे न्या, तोवर बागेचा ताण वाढलेला. वऱ्हाडात मोटर वाइंडिंगची दुकानं इतकी का, ते एकदा वरूडच्या बाजारात फिरलं की कळतं.

डब्याचा पूर्वज होता हातानं फिरवायचा बूस्टर. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की खटका दोन घर पुढे करायचा. रात्री गाव झोपलं, लोड उतरला आणि खटका मागे घ्यायचा राहिला, तर वाढलेलं व्होल्टेज आणखी वाढून बल्ब फुटायचे. मग रिले आले आणि ते काम आपोआप व्हायला लागलं: आत एक ऑटोट्रान्सफॉर्मर, त्याच्या तारेला चार-पाच ठिकाणी काढलेली टोकं, आणि व्होल्टेज पाहून या टोकावरून त्या टोकावर उडी मारणारा रिले. ‘टक्’ तो तिथला. केरळात १९७७ मध्ये सुरू झालेल्या व्ही-गार्डचा पहिला माल हाच. १९८२ च्या एशियाडबरोबर रंगीत टीव्ही आला, मागून फ्रिज आला, आणि डबा घरोघरी गेला.

मात्र या डब्याची एक खोड कुणी फारशी सांगत नाही. नळाला पाणी कमी येतं म्हणून एकानं टिल्लू पंप लावला की शेजाऱ्याची धार बारीक होते, तसंच हे. १७० चे २३० करायचे तर डबा तारेतून सव्वापटीहून जास्त करंट ओढतो, तारेत घट आणखी होते आणि टोकाचं घर १७० वरून १६० वर येतं. मग टोकाचं घरही डबा आणतं. सार्वजनिक तुटीवर प्रत्येकानं आपापल्या पैशानं काढलेला हा तोडगा होता, आणि गल्लीचा हिशोब धरला तर तोट्याचा.

एका संकटापुढे तर डबाही हात टेकतो. डीपीवरचा न्यूट्रल तुटला की घरातले २३० राहत नाहीत. लोड ज्या फेजवर कमी, तिथल्या घरांत व्होल्टेज ४०० च्या दिशेनं चढतं. पावसाळ्याच्या पहिल्या वादळात एका गल्लीतले टीव्ही एकदम जळतात, ते बहुधा यानंच. अशा वेळी आधी मेन स्विच पाडायचा, मग लाइनमनला फोन.

खरा इलाज लांब तारेवर आहे. महावितरणनं २०१८ पासून कृषिपंपांसाठी उच्चदाब वितरण प्रणाली आणली. ११ हजारांची तारच शेतापर्यंत न्यायची आणि एक-दोन शेतकऱ्यांमागे छोटा ट्रान्सफॉर्मर बसवायचा. लघुदाबाची तार आखूड, म्हणून घट कमी. आकडा टाकायलाही जागा नाही.

घरातला डबा मात्र वेगळ्याच कारणानं गेला. आजचा टीव्ही, मोबाइलचा चार्जर, एलईडी दिवा यांच्या पोटातच असं सर्किट असतं की शे-सव्वाशे व्होल्टपासून अडीचशेपर्यंत काहीही चालतं. इन्व्हर्टर एसीही बऱ्याच खाली तग धरतो. डब्याची ती जुनी खोड मात्र यांनी घेतली आहे: व्होल्टेज पडलं की काम तेवढंच ठेवायला हेही जास्त करंट ओढतात, आणि दीड टनाचा एसी चार्जरपेक्षा कितीतरी जास्त. साध्या मोटरच्या लोखंडी कूलरला ही सोय नाही. तो अजून गल्लीच्या टोकाला जे येईल त्यावर फिरतो.