रात्रीची स्वस्त वीज : एका हिशेबाचा इतिहास

माल एकच आणि त्याचा भाव मात्र घड्याळाप्रमाणे बदलतो, हा व्यवहार आपणास अपरिचित नाही. सकाळी मंडईत मेथीच्या ज्या जुडीचा भाव उतरत नाही, तीच जुडी दिवेलागणीनंतर निम्म्या किमतीत पदरात पडते. माल नाशवंत आणि गिऱ्हाइकांची गर्दी एकाच वेळी, म्हणजे असे व्हायचेच. परंतु ती जुडी खरोखर स्वस्त पडली की नाही, हे घरी गेल्यावर ठरते. त्याच रात्री शिजली तर स्वस्त. पिवळी पडून टाकावी लागली तर महाग.

इंग्लंडातील गृहस्थापुढे विजेच्या बाबतीत हाच प्रश्न गेली अनेक वर्षे उभा आहे. रात्रीची वीज तेथे कमी दराने मिळते. ती घेतल्याने घरखर्चात बचत होते काय? या प्रश्नाचा इतिहास आज आम्ही मांडणार आहोत. तो परक्या देशातला असला, तरी त्यातून निघणारा धडा आता आपल्याही दाराशी आला आहे.

प्रथम रात्रीची वीज स्वस्त का, हे पाहिले पाहिजे. १८८२ च्या जानेवारीत एडिसनच्या कंपनीने लंडनमध्ये होबर्न व्हायाडक्ट येथे वीजकेंद्र सुरू केले, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर दुसरे. त्या काळी वीज म्हणजे मुख्यतः दिवे. अंधार पडला की सर्वांचे दिवे एकदम लागत आणि निजानीज झाली की एकदम मालवत. बॉयलर, इंजिन, जनित्रे, रस्त्याखालच्या तारा ही सारी सामग्री संध्याकाळच्या त्या चार तासांच्या मानाने उभारावी लागे. उरलेले वीस तास ती जवळजवळ निकामी बसून राही. भांडवलाचे व्याज मात्र चोवीस तास चढत असे.

या व्यवहारातले मर्म जॉन हॉपकिन्सन या इंग्रज अभियंत्याने नेमके पकडले. १८९२ च्या नोव्हेंबरात दिलेल्या आपल्या अध्यक्षीय भाषणात त्याने विजेच्या खर्चाची दोन भागांत फोड केली. एक खर्च प्रत्यक्ष वीज निर्माण करण्याचा, म्हणजे मुख्यतः कोळशाचा. दुसरा, मागाल तेव्हा वीज देण्यास सज्ज राहण्याचा. यातला दुसरा मोठा, आणि तो ग्राहकाने किती वीज जाळली यावर अवलंबून नसून ऐन गर्दीच्या क्षणी किती मागितली यावर अवलंबून असतो. तेव्हा जो ग्राहक गर्दीच्या वेळी काहीच मागत नाही आणि यंत्रे रिकामी असताना वीज घेतो, त्याच्यामुळे कंपनीला नवे जनित्र घ्यावे लागत नाही; त्याला देण्याच्या विजेचा खर्च जवळपास कोळशापुरताच. रात्रीच्या स्वस्त दराचे बीज या विचारात आहे. स्वस्ताईचे कारण अंधार नव्हे, रिकामी बसलेली यंत्रे होत. हा भेद आपण ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

विचार सुचला तरी तो बिलात उतरवण्यास उपकरण हवे. ब्रायटन शहराच्या वीजकेंद्रातील आर्थर राइट याने ग्राहकाची जास्तीत जास्त मागणी दाखवणारे मापक तयार केले. एडिसनचा एकेकाळचा चिटणीस आणि पुढे शिकागोच्या वीज कंपनीचा सूत्रधार झालेला सॅम्युअल इन्सल याने १८९४ मध्ये ब्रायटनला ही पद्धत पाहिली आणि अमेरिकेत नेली. येथून पुढे प्रत्येक वीज कंपनीचा एकच ध्यास राहिला : दिवसाच्या मागणीचा आलेख काढला असता त्यात जे डोंगर आणि दऱ्या दिसतात, त्यांतल्या दऱ्या कशा भराव्यात?

दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडात हा प्रश्न फार तीव्र झाला. १९४७ चा हिवाळा कडक पडला, कोळसा पुरेना, आणि घरोघरी व कारखान्यांत वीज तोडावी लागली. १९४८ च्या एप्रिलात वीजधंदा राष्ट्राच्या मालकीचा झाला. लोकांनी थंडीसाठी विजेच्या शेगड्या घेतल्या होत्या आणि त्या सर्व संध्याकाळी एकदम पेटत. १९४८-४९ च्या हिवाळ्यात युनिटमागे जादा आकार लावून मागणी आवरण्याचा प्रयत्न झाला. पण थंडीने कुडकुडणारा मनुष्य तीन महिन्यांनी येणाऱ्या बिलाकडे पाहून शेगडी विझवीत नाही. तो जादा आकार लवकरच मागे घ्यावा लागला.

मग उलट दिशेने विचार सुरू झाला. डोंगर तोडता येत नसेल, तर दरी भरावी. त्याचा एक मार्ग वीज खात्यानेच अंगीकारला : रात्रीच्या विजेने पाणी उंचावरच्या तलावात चढवायचे आणि संध्याकाळी ते सोडून वीज करायची. वेल्समध्ये १९६३ साली फेस्टिनिओग येथे असे केंद्र सुरू झाले. आपल्या सह्याद्रीतील घाटघरचा प्रकल्पही याच तत्त्वावरचा. दुसरा मार्ग मात्र लोकांच्या घरातून जात होता, आणि तो म्हणजे उष्णता साठवणारा हीटर. पत्र्याच्या पेटीत जड विटा रचलेल्या असतात. रात्री विजेने त्या तापवायच्या आणि दिवसभर त्यांची ऊब खोलीत झिरपू द्यायची. १९६० नंतरच्या दशकात असे हीटर इंग्लंडात फार खपले. अणुवीज केंद्रे रात्रीपुरती थांबवणे सोयीचे नसते, त्यामुळे ती वाढू लागली तशी रात्रीच्या ग्राहकाची गरजही वाढली. अखेर १९७८ च्या ऑक्टोबरात ‘इकॉनॉमी सेव्हन’ हा दर जाहीर झाला. रात्रीचे सात तास वीज स्वस्त, उरलेले सतरा तास नेहमीहून काहीशी महाग. मीटरवर आकड्यांच्या दोन ओळी, एक दिवसाची, एक रात्रीची.

‘नेहमीहून काहीशी महाग’ या तीन शब्दांत घरच्या हिशेबाची सारी मेख आहे. रात्रीचा आवळा देऊन दिवसाचा कोहळा काढला जातो की काय, हे प्रत्येकाने आपल्यापुरते मोजून पाहावे लागते. आम्ही समजण्यास सोपे असे आकडे घेतो. ते केवळ उदाहरणादाखल आहेत. समजा, एकेरी दर युनिटला २५ पेन्स आहे. दुहेरी दरात दिवसाला ३० आणि रात्रीला १५ पेन्स. म्हणजे रात्री जाळलेल्या प्रत्येक युनिटामागे १० पेन्स वाचतात आणि दिवसा जाळलेल्या प्रत्येक युनिटामागे ५ पेन्स जादा जातात. रात्रीचे एक युनिट दिवसाच्या दोन युनिटांचा तोटा भरून काढते, त्याहून अधिक नाही. तेव्हा एकूण विजेपैकी एक तृतीयांश रात्री वापरली तर फायदा नाही की तोटा नाही. त्याहून अधिक वापरली तरच बचत.

एका घरात महिन्याला ३०० युनिटे लागतात असे धरू. एकेरी दराने बिल ७५ पौंड. या घराने रात्री ६० युनिटे वापरली, तर दिवसाच्या २४० युनिटांचे ७२ आणि रात्रीचे ९ मिळून ८१ पौंड होतात. म्हणजे स्वस्त दर घेऊन ६ पौंडांचा भुर्दंड! त्याच घराने १५० युनिटे रात्री वापरली, तर ४५ आणि साडेबावीस मिळून साडेसदुसष्ट पौंड. साडेसात पौंडांची बचत. दर तोच, मीटर तोच, घर तेवढेच. फरक केवळ विजेच्या वेळेचा.

कोणी म्हणेल, आमचा फ्रिज तर रात्रभर चालतो, तेव्हा आमचा लाभ निश्चित आहे. हा समज फार प्रचलित आहे, पण तो आकड्यांपुढे टिकत नाही. चोवीस तासांपैकी सात तास म्हणजे शेकडा २९. अखंड चालणाऱ्या उपकरणाचा रात्रीचा वाटा एवढाच, आणि आपल्या उदाहरणात तर शेकडा ३३ हून अधिक हवा. त्यात दिवे, स्वयंपाक, इस्त्री, दूरदर्शन ही सारी दिवसाची गिऱ्हाइके. ज्या घराने आपली वहिवाट जराही बदलली नाही, ते या दरात तोट्यातच जाण्याचा संभव अधिक.

मग रात्रीवर ढकलता येण्याजोगे काय उरते? कपडे धुण्याचे यंत्र लावता येईल. पण एका धुलाईस एखादे युनिट लागते, आणि वाचतात १० पेन्स. शिवाय शेजाऱ्याची झोप मोडते, आणि घर झोपले असताना कपडे वाळवण्याची यंत्रे चालू ठेवू नयेत, असे अग्निशमन दलाचे सांगणे असते. रात्र थोडी आणि सोंगे फार, अशी अवस्था होते. खरी वजनदार कामे दोनच, पाणी तापवणे आणि घर तापवणे. १२० लिटर पाणी ४५ अंशांनी तापवण्यास सुमारे सव्वासहा युनिटे लागतात; ती रात्री घेतली तर एकेरी दराच्या मानाने रोज ६० पेन्सहून अधिक वाचतात. मात्र टाकीला जाड आवरण हवे. नाही तर पाणी वापरण्यापूर्वीच निवते.

विटांच्या हीटरचेही तसेच. रात्री १०० युनिटे १५ पौंडांना घेतली, आणि त्यातली चौथा हिस्सा ऊब घरात कोणी नसताना वाया गेली, तर उपयोगी पडलेले युनिट २० पेन्सना पडले. शेकडा ४० ऊब वाया गेली, तर ते २५ पेन्सना पडले आणि बचत संपली. ज्याच्या घरी वृद्ध माणसे किंवा लहान मुले दिवसभर असतात, त्याला हा हीटर उपकारक. जो सकाळी आठला बाहेर पडतो आणि रात्री सातला परततो, त्याची ऊब रिकाम्या खोल्यांनी भोगलेली असते. तो विटा निवालेल्या घरात येऊन महाग दराची शेगडी पेटवतो.

येथे केवळ हिशेब नाही, माणसांचे सुखदुःखही आहे. १९६७ पासून पुढील दहा वर्षांत इंग्लंडात समुद्रातून काढलेला नैसर्गिक वायू घरोघर पोहोचला आणि ज्यांना नळ मिळाला त्यांनी घर तापवण्याचे काम वायूकडे सोपवले. विटांचे हीटर मागे राहिले ते बहुधा ज्यांना वायूचा नळ नव्हता अशा फ्लॅटांत, भाड्याच्या घरांत, खेड्यांत. पुढे काही घरांतले हीटर मोडले किंवा काढले गेले, पण दुहेरी मीटर भिंतीवर तसाच राहिला. अशा घरात नवा भाडेकरू आला की तो दिवसाचा महाग दर भरीत राहतो, आणि रात्रीची स्वस्त वीज घेण्यास त्याच्यापाशी काहीच नसते. ज्याची मिळकत कमी, त्यालाच जादा दर पडावा, हा हॉपकिन्सनच्या शास्त्रशुद्ध विचाराचा विपरीत परिणाम होय. विचारात दोष नव्हता. दर आणि घर यांची सांगड घालणारे कोणी नव्हते.

बारीकसारीक गोष्टीही माणसाला फसवतात. सात तास सर्वत्र एकाच वेळी सुरू होत नाहीत. कोठे बारा, कोठे साडेबारा. उन्हाळ्यात इंग्लंडातील घड्याळे एक तास पुढे करतात, पण पुष्कळ मीटर हिवाळ्याच्याच वेळेने चालतात. ज्याला हे ठाऊक नाही, त्याचे यंत्र तासभर आधी, म्हणजे महाग दरात सुरू होते. काही मीटर बीबीसीच्या दीर्घलहरी प्रक्षेपणातून पाठवलेल्या इशाऱ्याने बदलत. ही व्यवस्था २०२५ च्या जूनअखेरपासून टप्प्याटप्प्याने मोडीत काढण्यास आरंभ झाला.

आता ज्या भेदाचे काम पुढे पडेल असे आम्ही म्हटले होते, त्याकडे वळू. २०२४ च्या ३० सप्टेंबरला इंग्लंडातील शेवटचे कोळशाचे वीजकेंद्र बंद झाले. उन्हापासून आणि वाऱ्यापासून होणारी वीज वाढत चालली. ऊन तर रात्री नसतेच. जेथे सौरवीज मुबलक झाली, तेथे स्वस्ताईची वेळ मध्यरात्रीकडून मध्यान्हीकडे सरकू लागली. आपल्या देशातही हेच घडत आहे. केंद्र सरकारने २०२३ च्या जूनमध्ये ग्राहक हक्कांच्या नियमांत दुरुस्ती केली आणि शेतीखेरीज इतर ग्राहकांसाठी, स्मार्ट मीटर बसतील तसे, वेळेप्रमाणे दर लावण्याची दिशा ठरवली : सूर्यप्रकाशाच्या तासांत कमी, गर्दीच्या तासांत अधिक. इंग्लंडातील गृहस्थाला रात्री जागे राहण्यास सांगितले गेले. आपल्याला भर दुपारी घरी असण्यास सांगितले जाईल. आणि आपल्याकडे गिझर लागतो पहाटे, दिवे लागतात संध्याकाळी, आणि दुपारी पुष्कळ घरांना कुलूप असते.

म्हणून आम्ही एवढेच सुचवतो. दर स्वस्त आहे काय, असे न विचारता, आपली वीज त्या वेळी जळते काय, असे विचारावे. एका महिन्याचे आकडे सकाळ-संध्याकाळ वहीत टिपावे. स्वस्त वेळेत एका युनिटामागे किती वाचतात आणि महाग वेळेत एका युनिटामागे किती जादा जातात, हे मांडावे. स्थिर आकार वेगळा असेल तर तोही धरावा. जी कामे आपण खरोखर हलवू शकतो, जसे पाणी चढवण्याचा पंप, पिठाची घरगुती गिरणी, धुलाई, तेवढीच हिशेबात घ्यावी. हलवू असे केवळ वाटते ती घेऊ नयेत. आणि न जाळलेले युनिट हे कोणत्याही वेळी सर्वांत स्वस्त असते, हेही विसरू नये.

दर ठरवणारा आपली यंत्रे डोळ्यांपुढे ठेवून दर ठरवतो. ते त्याचे कामच आहे. घर डोळ्यांपुढे ठेवून तो स्वीकारावा की नाकारावा, हे ठरवणे आपले काम आहे, आणि ते दुसरा कोणी आपल्यासाठी करणार नाही.