पाण्याचा की अग्नीचा? दोन दगडांची कुळकथा

सह्याद्रीचा काळा पाषाण आणि हंपीचा ग्रॅनाइट शेजारी ठेवले, तर लहान मुलालाही त्यांतला भेद दिसेल. काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, अंगाने बारीक. त्याचे कण भिंगावाचून सहसा ओळखू येत नाहीत. ग्रॅनाइट भरड, त्यातले गारेचे, अभ्रकाचे स्फटिक नुसत्या डोळ्यांनी मोजावेत. दोन्ही अग्निजन्य, असे आज शाळेतला मुलगाही सांगतो. पण एवढ्या एका वाक्यासाठी युरोपातील विद्वान वर्षानुवर्षे भांडले.

जर्मनीतील फ्रायबर्गच्या खाणविद्यालयात १७७५ पासून शिकविणारा वेर्नर म्हणे, हे दोन्ही दगड आदिम महासागराच्या पाण्यातून तळाशी बसले. त्याचा अधिकार मोठा, शिष्य देशोदेशीचे. वस्तुतः फ्रान्सच्या ओव्हेर्न्य भागात देमारे याने १७६३ सालीच बेसाल्टचे खांब पाहिले होते, आणि त्यांचा माग जुन्या लाव्हाच्या प्रवाहापर्यंत पोचविला होता. पुढे १७८५ साली स्कॉटलंडमधील ग्लेन टिल्टच्या दरीत हटनला तांबूस ग्रॅनाइटच्या शिरा जुन्या खडकात घुसलेल्या आढळल्या. जो घुसला तो नंतरचा, आणि घुसला तेव्हा वितळलेला, हे उघड झाले.

तरी पाणीवाद्यांचा एक प्रश्न बिनतोड वाटे. वितळलेला दगड निवला की काच होते. मग त्यात स्फटिक कोठून आले?

याचे उत्तर कोणत्या विद्यापीठातून आले असेल? ते आले एका काचभट्टीतून. एडिंबरोजवळ लीथ येथील कारखान्यात हिरव्या काचेचा एक घाणा चुकून फार सावकाश निवला, आणि काचेऐवजी दगडासारखा अपारदर्शक, कणीदार गोळा हाती आला. मालकाच्या हिशेबी तो नासका माल! पण हटनचा मित्र जेम्स हॉल याने त्यातले मर्म ओळखले. एवढ्याशा मुशीत डोकावून सृष्टीचा न्याय करणे हटनला रुचत नव्हते. त्याच्या मृत्यूनंतर, १७९८ साली, हॉलने आपले प्रयोग विद्वत्सभेपुढे मांडले. एडिंबरोच्या परिसरातला काळा दगड त्याने भट्टीत वितळविला. झटकन निवविला तेव्हा काच झाली; तोच पुन्हा तापवून सावकाश निवविला तेव्हा दगड झाला.

आता दोन्ही दगडांची कुळी लावता येते. बेसाल्टचा रस पृथ्वीच्या कवचाखालून येतो. त्यात सिलिका सुमारे निम्मी. तो वर येऊन पसरतो आणि लवकर निवतो, म्हणून कण बारीक. ग्रॅनाइटच्या रसात सिलिका सुमारे सत्तर टक्के. तो जमिनीखाली खोल अडकून हजारो-लाखो वर्षे निवत राहतो, म्हणून कण भरड. म्हणजे भेद निवण्याचाही आहे आणि मूळ रसाचाही. आमचे दख्खनचे पठार असेच सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर साचून झाले. अजिंठा-वेरूळची लेणी त्याच थरांत कोरलेली आहेत.

कामगारांच्या सभांत आम्ही हा इतिहास मुद्दाम सांगतो. प्रबंध लिहिणाऱ्याचे नाव ग्रंथात राहते, भट्टीसमोर घाम गाळणाऱ्याचे क्वचितच राहते. पण पाणी की अग्नी हा वाद केवळ व्यासपीठावर मिटला नाही. दरीत पायी गेलेल्यांनी आणि बिघडलेला घाणा फेकून न देता निरखून पाहणाऱ्यांनी तो मिटविला. ज्ञान कोठे सापडेल याची जात ठरलेली नाही, एवढे या दोन दगडांकडून शिकलो तरी पुष्कळ झाले.