बंदरातला पाऊस आणि दिग्व्रत

आमच्या पांढुर्ण्याला पाणी म्हणजे जाम नदी. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तिच्या पात्रात गोटमार होते म्हणून आमचं गाव लोकांना ठाऊक. समुद्र इथून सगळ्याच बाजूंनी लांब. त्यामुळे मुलीने दिवाळीआधी आम्हां दोघांची मुंबई-गोवा क्रूझची तिकिटं काढली, तेव्हा सासूबाईंचा पहिला प्रश्न होता, "चातुर्मासात जहाजात? काहून गं?"

खरं तर विहाराचं बंधन मुनी-आर्यिकांना आहे, आपल्याला नाही. पण सासूबाईंनी शिखरजीची यात्रा झाल्यावर दिग्व्रत घेतलेलं. पश्चिमेला मुक्तागिरी, पूर्वेला रामटेक, दक्षिणेला शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ, उत्तरेला छिंदवाडा. या हद्दीबाहेर त्या आजवर गेल्या नाहीत. नातवाचं लग्न पुण्याला झालं, तेही त्यांनी फोनवरच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी जहाज मुरगावच्या धक्क्याला लागलं आणि परतीचा पाऊस कोसळू लागला. "हे" आणि मुलगी छत्र्या घेऊन बसने गोवा बघायला गेले. मी म्हटलं, मी इथेच बसते. वरच्या डेकवर खुर्च्या एकात एक रचून ठेवलेल्या, पोहण्याच्या तलावावर जाळी ओढलेली. मी काचेजवळ बसले. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण "चहा टाक" म्हणणारं कोणी नाही असा दिवस मला आठवेना. मग डोक्यात इतिहास सुरू झाला. बी.ए.ला माझा तोच विषय होता.

वाटलं, मी एक दिवस बंदरात अडकले तर काय, पूर्वी अख्खा पावसाळा सगळे असेच थांबत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक खलाशाचं 'पेरिप्लस' नावाचं पुस्तक आहे. त्यात आपल्या कल्याण-सोपाऱ्याची नावं आहेत. मिसरकडून निघणारी जहाजं जुलैच्या सुमाराला सुटत, म्हणजे नैऋत्येच्या वाऱ्यावर इकडे येऊन पोचेपर्यंत त्याचा जोर ओसरलेला असे. परत जायचं तर हिवाळ्यातल्या उलट्या वाऱ्याची वाट बघायची. व्यापार वाऱ्याच्या पंचांगावर चाले, माणसाच्या घाईवर नाही.

शिवकाळातही तेच. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त आरमारावर वेगळं प्रकरण आहे. दर्या खवळायच्या आधीच जहाजांची छावणी करावी, किल्ल्याचा आसरा असलेलं बंदर बघावं आणि दरवर्षी नवं ठिकाण निवडावं, अशा सूचना त्यात आहेत. लढाऊ आरमारसुद्धा पावसाळ्यात गुमान खाडीत बसे. कोळी बांधव तर आजही नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्यावरच होड्या पाण्यात घालतात. कोकणच्या आगबोटीही पावसाळ्यात बंद असत. चाकरमान्यांचं गावी जाणं त्या सुरू होण्यावर अवलंबून राही.

आमच्या मुनींचा वर्षायोग आषाढात सुरू होतो, तो दिवाळीला संपतो. कारण वेगळं आहे. पावसात ओल्या जमिनीवर जीवजंतू फार, पावलाखाली हिंसा होते म्हणून थांबायचं. दर्यावर्दी स्वतःचा जीव वाचवायला थांबत, मुनी दुसऱ्याचा. पण महिने जवळजवळ तेच. हे मला सावसरच्या माहेरी कधी सुचलं नसतं, त्याला बंदरातला पाऊसच बघावा लागला.

थांबला नाही की काय होतं, तेही या किनाऱ्याने पाहिलंय. 17 जुलै 1947. दिव्याची अवस, लोक सणाला घरी निघालेले. 'रामदास' बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला सुटली. काशाच्या खडकाजवळ वादळात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. स्वातंत्र्य महिन्यावर आलेलं, आणि गिरगाव-परळच्या कितीतरी घरांत रडारड. म्हणून थांबण्याला मी भित्रेपणा म्हणणार नाही.

पण मग आठवलं की थांबण्याची दुसरी बाजूही आहे. काहींना पावसाने नाही, माणसांनी थांबवलं. सिंधुबंदी ती हीच. 1883 च्या फेब्रुवारीत आनंदीबाई जोशी श्रीरामपूरला भर सभेत उभ्या राहिल्या (हे आपलं नगरचं नाही, बंगालमधलं) आणि मी अमेरिकेला का जाते, हे इंग्रजीतून सांगितलं. वय अठरा पुरतं व्हायचं होतं. हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असं त्या बोलल्या. एप्रिलमध्ये कलकत्त्याहून जहाजात बसल्या. नवरा सोबत नाही, ओळखीच्या मिशनरी बायका तेवढ्या. 1886 त डॉक्टर झाल्या आणि 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात गेल्या, बावीस पुरी व्हायच्या आधी.

आमच्या जैनांतही असं घडलं. 1893 च्या शिकागो धर्मपरिषदेचं निमंत्रण आचार्य आत्मारामजींना होतं. मुनी वाहनात बसत नाहीत, म्हणून त्यांनी वीरचंद राघवजी गांधींना पाठवलं. ते परतल्यावर समाजातल्या काहींनी समुद्र ओलांडला म्हणून त्यांना धारेवर धरलं, आणि बाजू कोणी घेतली? ज्यांनी स्वतः कधी जहाजात पाय ठेवला नसता, त्या आत्मारामजींनीच. स्वतःची मर्यादा त्यांनी दुसऱ्याच्या गळ्यात घातली नाही. हे मला फार मोठं वाटतं.

आचार्य समंतभद्रांच्या 'रत्नकरंडक श्रावकाचारा'त दिग्व्रताच्या हद्दी कशा ठरवाव्यात ते दिलंय. समुद्र, नदी, जंगल, डोंगर, देश, योजनं. पहिलं नाव समुद्राचंच. पुढे देशावकाशिक व्रत येतं, म्हणजे ठरावीक काळापुरती हद्द आणखी आखडायची. घर, गल्ली, गाव, शेत. काळही सांगितलाय. वर्ष, ऋतू, महिना, चातुर्मास, पंधरवडा. म्हटलं, मी सकाळपासून नकळत तेच करतेय. आजची माझी हद्द एक जहाज.

आणि मनात एकदम कडवट आलं. बी.ए. झाल्यावर मला इतिहासात एम.ए. करायचं होतं, नागपूरला. सासरी विचारलं तर "घरचं कोण बघंल?" एवढंच उत्तर. नागपूर तर सासूबाईंच्या हद्दीच्याही आत! पण माझी हद्द त्याहून आत आखलेली, आणि ती मी आखली नव्हती. त्यानंतर कितीतरी वर्षं त्यांचं व्रत आणि माझं घरी राहणं मी एकाच माळेत ओवत आले. दोघीही कुठे गेलो नाही, एवढंच मला दिसे. त्या दिवशी कळलं की ती माळ चुकीची होती. व्रत घेणाऱ्याला माहीत असतं की आपण काय सोडतोय. मला विचारलंच नव्हतं.

पाच वाजून गेले. ढगांत सूर्य दिसेना, म्हणून घड्याळ बघून जेवायला उठणार तोच सासूबाईंचा फोन.

"जेवली का? इथं तर सूर्य बुडाला."

"इथे पंधरा-वीस मिनिटं उशिरा बुडतो, आई." मग राहवलं नाही. विचारलं, "आई, व्रत घेतल्याचं कधी वाईट वाटलं का?"

थोडा वेळ पावसाचाच आवाज.

"माह्यं मी घेतलं होतं गं. त्याचं काय वाईट वाटायचं? तुह्या नागपूरचं आम्ही ठरवलं, ते बरं नाही झालं."

एकतीस वर्षांत हा विषय त्यांच्या तोंडून पहिल्यांदा निघाला. मला काही बोलता येईना.

"जा, जेवून घे आधी," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी खाली गेले. वाढणाऱ्या मुलाला कांदा-लसूण नको, बटाटा नको, हे सांगून पान घेतलं. खिडकीशी बसून जेवले. बाहेर मुरगावच्या धक्क्यावर एकेक दिवा लागत होता आणि ओल्या बसमधून आमची माणसं उतरत होती.